ब्याटरीच्या खोलीला खिडकी

मोटारीच्या धंद्यात किस्से कसे साठतात, तर कोपऱ्यात भंगार साठतं तसे. एक उचलायला जावं, तर दुसरा त्याला अडकून येतो!

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मुरबाडला एका शेठच्या मोटारी होत्या, कल्याणला जायच्या. मी क्लीनर. मागच्या खोलीत धर्मामिस्त्री ब्याटऱ्या चार्ज करायचे. खोलीला दार एक, खिडकी नाही. आत ॲसिडची अशी वाफ, की डोळ्यांतून पाणी! मिस्त्री दिवसभर खोकायचे. त्यांचं मागणं एकच, "शेठ, एक खिडकी पाडा."

शेठ म्हणायचे, "खुळा का काय तू? सगळी पावर वाऱ्यानं उडून जाईल!"

*

मिस्त्रींची बायको जानकीकाकू. ती ओढ्यावर त्यांचं धोतर धुवायला गेली. दगडावर एकदाच आपटलं, आणि हातात नुसता काठ राहिला! शेजारणीवर उखडली, "गो, तुझा दगडच धारेचा!"

दुसऱ्या दिवशी तिनं दगड बदलला. दुसरं धोतर गेलं.

*

टोकावड्याचा सखाराम ड्रायव्हर एकदा विडी ओढत खोलीत डोकावला. धडाम! ब्याटरीचं झाकण आढ्याला, आणि सखाराम बाहेर आला तो अर्धी मिशी घेऊन.

मिस्त्री सावकाश म्हणाले, "बघा शेठ, पावर दारानंच गेली की!"

*

मिस्त्रींना गुळाचा चहासुद्धा आंबट लागायचा. पुढचे दात झिजून कण्यांएवढे झालेले. काकू म्हणायची, "झोपंत दात खातात, दुसरं काय!" आम्ही हसायचो. तेही हसायचे, तोंडावर हात धरून.

*

मग शेठच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. शेठनी पांढराशुभ्र सुती कोट शिवला. घरात उंदीर, झुरळं. ब्याटरीच्या खोलीत मात्र मुंगीसुद्धा फिरकत नसे. "यासारखी जागा नाय!" म्हणत शेठनी कोट लग्नापर्यंत तिथंच खुंटीला लावला, बरोबर ब्याटऱ्यांच्या वर.

मिस्त्री म्हणाले, "शेठ, कोट इथं नको."

"तू ऱ्हातोस ना इथं? मग कोटाला काय होतंय!"

लग्न लागलं. व्याहीभेटीला सगळा मांडव जमला. व्याही खर्डीचे, गडी पैलवान. त्यांनी शेठना कडकडून मिठी मारली, पाठीवर प्रेमानं थाप दिली, आणि कोटाची अख्खी पाठ त्यांच्या मुठीत आली! सावरायला हात धरला, तर बाही निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी आला. गाडीच्या चाकाएवढी खिडकी पाडली.

धर्मामिस्त्री वाऱ्याकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मग समोरच्या बिनखिडकीच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "शेठ, धाकट्या ताईचं लग्न कधी हाय?"