किती वाव खोल

चौथीतच माझी शाळा सुटली. लग्न होऊन देवगडकडून चिंचवडला आले, तेव्हा नवरा देहूरोडच्या डेपोत कामाला होता. आम्ही एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरामागे भाड्याने राहत होतो. त्यांना मी मास्तर म्हणे. त्यांची नजर अधू झालेली. माझं अक्षर बघून त्यांनी मला दुपारी ते सांगतील ते लिहायला बसवलं आणि चुका सुधारता सुधारता पुढचंही शिकवलं. हे उपकार मी कशाने फेडणार होते?

लिहायचं ते प्रवाळांबद्दल. तरुणपणी बोटीवर जाऊन त्यांनी खोल, अंधाऱ्या समुद्रातून जाळ्याने काढलेली. दगडासारखी कडक, पणतीएवढी.

"वरच्या रूपाला भुलू नकोस," ते म्हणत. "आतले उभे, पातळ पडदे मोज. आधी सहा, मग सहा, मग बारा. जात तिथे कळते."

मी सुईच्या टोकाने मोजत बसे. नवरा दारातून म्हणे, "दगडं मोजून झाली असली तर भाकरी टाका, बाईसाहेब!"

दिवाळीच्या आवराआवरीत मी मास्तरांचं कपाट काढलं. एकेका डब्यात लांबुडकी, बसकी, वाकडी, सगळी एकत्र. मला तो पसाराच वाटला. दिसायला सारखी ती एका डब्यात, असं नीट लावून दिलं. डब्यांतल्या चिठ्ठ्या हाताला येतील तशा कुठल्याही डब्यात टाकल्या. एक डबा म्हणजे जाळ्याची एक खेप, आणि चिठ्ठीवर ती किती वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून किती मापं, खोलातून आली ते, हे मला पुढे लिहायला बसल्यावर कळलं.

मास्तरांना सांगितलं नाही. जागा जाईल ही भीती होतीच. शिकणं थांबेल ही त्याहून मोठी. मी चिठ्ठी वाचायची, ते मान हलवायचे, मी आकडा मांडायची. पडदे मोजून जात पुन्हा ठरवता येत होती. खोली कुठून आणणार?

शेवटच्या पानावर ते सांगू लागले, "या कामी आमच्या भाडेकरू बाईंनी..." माझा टाक थांबला. सगळं सांगितलं.

मास्तरांनी विचारलं, "आधी का नाही बोललीस, बाई?"

मी टाक उचलला. आभाराची ओळ खोडायला गेले, तर ते म्हणाले, "राहू दे. पडदे तूच मोजलेस. पहिलं पान काढ. आकडा खोड. लिही: खोली माहीत नाही."

सतरा प्रवाळं होती. शब्द मला पाठ होते, तरी सतराही वेळा ते त्यांनी तोंडाने सांगितले, आणि मी लिहिले.