हजाराला शंभर

माझी आई गोदी सही करायला शिकली पन्नाशीत. हिशेब मात्र वीटभट्टीवरच शिकली, आणि तिथंच घोळ झाला असं मला वाटायचं.

जव्हारकडच्या वांगणीहून आम्ही दर दिवाळीनंतर भिवंडीकडे भट्टीवर जायचो. गावात आमचं वीतभर शेत नव्हतं. शेठ हजाराचे पैसे द्यायचा, पण विटा पाडून घ्यायचा अकराशे. वरच्या शंभर म्हणे तुटीच्या. कधी एवढ्या फुटल्या होत्या? चोर साला. तेव्हापासून 'तूट' ऐकली की माझं टाळकं सटकतं.

बावीस वर्षांत आईची कंबर गेली. साठवलेल्या पैशांतून तिनं जव्हारला जागा घेतली, आम्हाला एक झोपडी आणि भाड्याला दोन खोल्या बांधल्या. दोन्हींचं मिळून भाडं महिन्याला चार हजार. "ह्या चालल्या तर भट्टी सुटली. नायतर परत चिखल तुडवायचा," ती म्हणायची.

आणि पहिल्याच महिन्यात तिनं त्यातले चारशे बाजूला काढले.

"हे कशाचे?"

"तुटीचे. हजाराला शंभर."

"अगं आये, भिंती अजून ओल्या आहेत. तुटलं काय?"

"काय नाय तुटलं. तरी धरायची."

झालं, शेठच हिच्या तोंडून बोलायला लागला. मी ठरवलं, हिला कुणीतरी चढवलंय. ढवळूमामा दर बाजाराला यायचा आणि जाताना त्याची पिशवी फुगलेली असायची. पुढच्या खोलीतली रविना दवाखान्यात कामाला होती, ती एक तारखेला न मागता भाडं द्यायची. इतकं सरळ माणूस मला पचत नाही. खोल्यांना पाणी देणाऱ्या आमच्या बोअरची मोटर बघणारा पोश्या म्हणायचा, मोटर आवाज करतेय. करणारच, त्याचं पोट त्याच्यावर. सगळे एकाच माळेचे मणी.

शिमग्याला मला तिचा तुटीच्या पैशांचा डबा सापडला, नागलीच्या कणगीत पुरलेला. वर्षाचे चार हजार आठशे. मामाच्या घशात जाण्यापेक्षा बरं म्हणून मी त्यांतून माझ्या मोटरसायकलचे थकलेले दोन हप्ते भरले. आईचं ते माझंच, असं मनाला सांगितलं आणि गप्प बसलो.

एप्रिलात मोटर जळाली. पोश्यानं उघडून बघितली. साडेचार हजार म्हणाला. भाड्याचे बाकीचे पैसे तर दर महिन्याला घरखर्चातच जायचे.

रविना दारात आली. "काकी, चार दिवस बाहेरून पाणी आणीन. पुढं मला दुसरीकडं बघावं लागेल. मागच्या खोलीवालेही तेच म्हणतायत."

आई हसली. "चार दिवस कशाला? तूट ठेवलीय ना मी." मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं.

तिनं कणगीत हात घातला. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"मामाला विचार," मी म्हणालो.

तिनं हात बाहेर काढला. बोटांना नागली चिकटली होती. काय हरवलं ते ती अजून कुणाला बोललीच नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या गाडीकडं.

"भिंतीची तूट धरली, मोटरीची धरली," ती हळूच म्हणाली. "तुझी धरायची राहिली रे, कमल्या."

मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं कंबरेवर हात ठेवला आणि पोश्याला विचारलं, भिवंडीच्या भट्टीवर अजून माणसं घेतात का.