इस्तो मागणारे कासीमचाचा

खिशात काडेपेटी असूनही कासीमचाचा रोज सकाळी हातात खापर घेऊन समोरच्या घरी विस्तव मागायला जात. हे नंदुरबारला असतं तर मी लक्षही दिलं नसतं. आमच्याकडे चुलीचा इस्तो शेजारणी एकमेकींकडूनच नेतात. पण आम्ही होतो बसऱ्यात. जर्मनशी लढाई नुकतीच संपलेली. बंदराच्या कारखान्यात चाचा लोहार आणि मी सुतार; राहायला दोघांत एक खोली. गोऱ्यांबरोबर आलेली माणसं म्हणून सारी गल्ली आमच्यावर दात खाऊन होती. पोरं दगड मारत, दुकानदार आम्हाला पाहून फळी ओढून घेत.

समोर एक म्हातारी राहत असे. हनुवटीवर गोंदण आणि तोंडात अखंड शिव्या. चाचा तिच्या दारात उभे राहून खणखणीत अहिराणीत म्हणत, "इस्तो दे वं माय!" ती दार आपटायची. एकदा तिनं धुण्याचं पाणी अंगावर फेकलं. चाचा निथळत परतले आणि माझ्यावरच ओरडले, "हासू नको. भीक नही मांगी ऱ्हायनू, इस्तो मांगी ऱ्हायनू!"

खरं सांगतो, मला हा माणूस आवडत नसे. हेकट आणि तोंडाळ. माझी भाकरी करपली की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. कारखाना सुटला की मी भीतीनं कडी लावून बसे, तर मला डालग्यातली कोंबडी ठरवून म्हणत, "कोंबडीना मायक डालामा बठना!"

एकदा मी चिडून विचारलं, "काडेपेटी आहे ना? मग रोज अपमान कशाला करून घेता?"

"काडेपेटी चूल पेटाडस. वळख काय तुन्हा बाप करी दी?" मग त्यांचा आवाज उतरला. "मशीदमा बी मन्हासंगे कोनी बोलत नही. मी आठे मरनू ते खांदा कोन दी रे, नथू?"

म्हणजे हा माणूस इथे बेवारशी मरण्याच्या भीतीपायी रोज त्या दारात उभा राहत होता. मला त्यांचा रागच आला, कारण आता ती भीती मलाही चिकटली.

पुढे म्हातारी विस्तव देऊ लागली. देऊ लागली म्हणजे चिमट्यानं रस्त्यात फेकायची आणि वर शिव्या द्यायची. चाचा निखारे खापरात भरून घेत आणि उलट तिला अहिराणी ऐकवत. दोघांचं कडाक्याचं भांडण चाले, एकमेकांचा एक शब्द न कळता.

उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. सकाळी आडवे झालेले चाचा दुपारी गेले. कारखान्यातला साहेब म्हणाला, गाडी येऊन घेऊन जाईल. ती गाडी मी पाहिली होती; तिच्यात प्रेतं सरपणासारखी रचत. मला त्यांचे विधी ठाऊक नव्हते, गल्लीची भाषा येत नव्हती. तरी मी कडी काढली आणि जाऊन समोरचं दार बडवलं. "कासीमचाचा मरी गया वं माय," एवढंच तोंडातून निघालं.

म्हातारी मला बाजूला ढकलून आमच्या खोलीत शिरली. तिनं चादर उचलून पाहिलं आणि मग जो तोंडाचा पट्टा सोडला, तो चाचांवर होता की माझ्यावर, कळलं नाही. तशीच ओरडत ती दारोदार गेली. पुरुष आले. कोणाच्या चेहऱ्यावर दया नव्हती, माझ्याशी कोणी बोललं नाही. त्यांनी चाचांना न्हाऊ घातलं, कफन केलं, जनाजा उचलला. मी भिंतीला चिकटून उभा होतो. वाटलं, आता मला हाकलतील. तेवढ्यात पुढचा एकजण थांबला. त्यानं माझं मनगट धरून मला ओढलं, आपल्या खांद्यावरचा दांडा माझ्या खांद्यावर ठेवला आणि मागे सरकला.