समोरची भिंत

साहेब चित्रं विकत घेत देशभर फिरतात आणि त्यांचा पत्रव्यवहार मी इथे ऑफिसात एकटी सांभाळते. आलेली चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी असतात; साहेब कधीतरी येतील, बघतील. काल एका म्हाताऱ्या चित्रकारांचा फोन आला. "बाई, माझं चित्र कुठं लावलंत हो?"

रिकाम्या खुर्चीचं चित्र होतं ते.

"माझ्या समोरच्या भिंतीवर. येता-जाता दिसतं," मी ठोकून दिलं.

"मग बरंय," ते म्हणाले.

कुणाच्या तरी नजरेसमोर असावं, याहून जास्त चित्र काय मागतं? माणूस तरी काय मागतो?

फोन ठेवला आणि समोर खिळा मारून ते टांगलं. आज डबा उघडला, आणि त्या खुर्चीला नकळत म्हणून गेले, "या जेवायला."