पू नसलेली जखम

माझी धाकटी बहीण दिव्यात राहते, मी डोंबिवलीत. तिच्या दुसऱ्या मुलीचं बारसं बाराव्या दिवशी थाटात झालं, पण बाळाची नाळ काही पडली नव्हती. एरवी ती बारशाच्या आतच पडते. न्हाऊ घालायला येणारी बाई म्हणाली, "आईला सोडवत नाय हिला. लय मायाळू निघणार बघा." आम्ही सगळ्या हसलो. महिना उलटला तरी नाळ तशीच, आणि बेंबीभोवती लाली चढायला लागली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीस वर्षं रक्त बघतेय, त्यामुळे घरात माझा शब्द डॉक्टरांच्याही वर, आणि तो तसाच असावा असं मलाही वाटायचं. बहिणीचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "पू आहे का?"

"नाही गं ताई, नुसतं लाल आहे."

"पू नाही ना? मग कशाला घाबरतेस? हळद लाव." असं मी ठणकावून सांगितलं. ते बोलणं मला अजून खातं.

चार दिवसांत पोर तापाने फणफणली. तिचं रक्त मी स्वतः तपासलं. पांढऱ्या पेशी नेहमीच्या चौपट-पाचपट! मशीन बिघडलं असेल म्हणून नमुना पुन्हा लावला, मग काच रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली. काचेवर पेशींची रेटारेटी, आणि जखमेत मात्र पुवाचा टिपूस नाही. मला काही उमगेना.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "नाळ कधी पडली?" अजून पडलीच नाही म्हटल्यावर त्यांनी बाळाची बेंबी पुन्हा नीट तपासली. मग म्हणाल्या, नाळ गळून पडते तीसुद्धा पांढऱ्या पेशींमुळे. त्याच तिथे पोचून तिला सोडवतात. एक खास तपासणी मुंबईला पाठवली. उत्तर आलं की बाळाच्या पांढऱ्या पेशींवर एक रिसेप्टर, म्हणजे पकड घेणारा हात, जवळजवळ नाहीच.

इतकी वर्षं मी या पेशी मोजल्या, पण त्या रक्तातून बाहेर कशा पडतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. कुठे जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीचं अस्तर बदलतं, खूण करतं. वेगाने जाणारी पेशी त्या अस्तरावर घरंगळत हळू होते. मग तिच्या अंगावरचा तो रिसेप्टर ताठ होतो, अस्तराला घट्ट धरतो, आणि पेशी अंग चोरून भिंतीतून पलीकडे सरकते. पू म्हणजे अशा बाहेर पोचलेल्या पेशीच; बाळाच्या पेशींना भिंत धरताच येत नव्हती, म्हणून त्या रक्तातच साचल्या आणि जखमेत पू नव्हता. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरी नेमक्या जागी थांबणं! मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

बहीण म्हणाली, "म्हणजे आमच्याकडच्या पाण्याच्या टँकरसारखं. भरलेला जातो, पण आमच्या गल्लीत थांबतच नाही." मग तिने हळूच विचारलं, "जगेल ना गं?"

या वेळी मी ठणकावून काही न सांगता तिला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

उपाय एकच होता, दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्तपेशी तयार करणारा मगज, देणं. बहिणीची मोठी मुलगी सहा वर्षांची, तिची जुळली. "माझं रक्त बाळाला दिलं तर बाळ माझ्यासारखं हट्टी होईल का?" एवढीच तिची शंका. त्यानंतरचे महिने इस्पितळात कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. नाळ त्याच दिवसांत कधीतरी पडली, पण ताप पुन्हा पुन्हा यायचा आणि आमचा जीव टांगणीला लागायचा.

पोर घरी आली, रांगायला लागली. एका सकाळी बहिणीचा घाबराघुबरा फोन आला. "ताई, गुडघ्यावर फोड आलाय. पिकलाय गं!"

"हात लावू नकोस, आधी डॉक्टरांकडे चल," म्हणत मी तशीच निघाले. डॉक्टरीणबाईंनी फोड फोडला, औषध लिहून दिलं आणि मी मागितला म्हणून एक थेंब काचेवर दिला.

लॅबमध्ये काच रंगवली. पेशीच पेशी, प्रत्येकीत जांभळ्या पाकळ्यांसारखं केंद्रक. मोठीच्या हाडात जन्माला आलेलं बियाणं धाकटीच्या अंगात रुजलं होतं, आणि त्यातली प्रत्येक पेशी वाट ओळखून, भिंत धरून बरोबर त्या गुडघ्यापाशी उतरली होती.

मी बहिणीला फोन लावला. "पू आहे गं," मी म्हटलं. पलीकडे ती ढसाढसा रडत होती.