माझ्या रूममेटचे दिगंबरपंत

माझ्या हॉस्टेलमधल्या रूममेटइतकी माणसांची हावरी मुलगी मी जन्मात पाहिली नाही. तिच्या लेखी जगात अनोळखी असं कुणी नव्हतंच. टीव्ही नुकते रंगीत होऊ लागले होते, त्या काळात आम्ही दोघी उपनगरातल्या एका हॉस्पिटलात रेसिडेंट म्हणून लागलो आणि पहिलं वर्षभर कॅज्युअल्टीत होतो. गच्चीवर कपडे वाळत घालताना ही समोरच्या बिल्डिंगमधली बिऱ्हाडं मला समजावून सांगायची. "ती निळ्या साडीतली बघ. नवरा देवगडचा, सासूशी पटत नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"दिसतंच ना गं!" म्हणून ती तशीच बघत उभी राहायची, आणि ओला टॉवेल तिच्या खांद्यावरच वाळायचा.

कॅज्युअल्टीतही तेच. बेशुद्ध माणूस एकटाच आला, की रजिस्टरमध्ये 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ' असं लिहायची पद्धत. हिचा हात तिथे अडायचा. सलाइन लावून झालं की ती पेशंटच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि खुशाल एखादं नाव लिहून टाकायची. मुलुंडच्या बाजारात चक्कर येऊन पडलेले एक आजोबा आले, त्यांचं नाव तिने लिहिलं दिगंबर. ड्यूटीवरचे हवालदार वैतागले. "मॅडम, हे कुठनं आणलंत?"

"अहो, कपाळ बघा की! दिगंबरच आहेत."

मग तीन दिवस, नाडी बघता बघता, बाहेर ऊन किती चढलंय, कँटीनमध्ये आज काय आहे, हे सगळं दिगंबरपंतांच्या कानात. आम्ही हसायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅज्युअल्टीच्या दारात एक बाई रडत बाहेर पडताना दिसली. हरवलेल्या वडिलांना शोधत कांजूरमार्गहून आली होती. "अनोळखी पेशंटांच्या यादीत साठीचं कुणीच नाही म्हणतात हो. आता कुठे बघू?"

दिगंबरपंत आठवून मी तिला अडवलं. "वडिलांच्या हातावर काही गोंदलंय?"

"मारुती."

तो मारुती मी पाहिला होता. तिचा हात धरून मी तिला धावतच आत नेलं. ती "बाबा" म्हणाली. डोळे उघडले नाहीत, पण आजोबांनी तिचा पदर चिमटीत धरला. त्यांचं नाव शंकर होतं.

रूममेट त्या दिवशी जेवली नाही. "मी त्यांना भलत्याच नावाने हाका मारत होते गं. आणि ती बिचारी दारातूनच परत चालली होती!"

दुसऱ्या दिवसापासून ती रजिस्टरमध्ये ठळक अक्षरांत 'अनोळखी' लिहू लागली. बोलणं मात्र सुटलं नाही. नुसतं काका, आजोबा, भाऊ म्हणून चालूच राहिलं.

आठवड्याने आजोबा लेकीच्या आधाराने घरी निघाले. हिने त्यांना सांभाळून जायला सांगितलं, तर ते थबकले. "पोरी, तुझा आवाज ओळखीचा वाटतो गं." ती नमस्काराला वाकली ती बराच वेळ उठलीच नाही.

वर्ष संपलं, आम्ही वेगवेगळ्या वॉर्डांत गेलो. आमच्यानंतर आलेली पोरं रजिस्टर अगदी बिनचूक भरायची. दुपारी त्या दारावरून जाताना मी उगाच थांबायचे. आत सगळं नीट चाललेलं असायचं, फक्त कुणी कुणाशी बोलत नसायचं.