ज्याची विहीर मोठी, तो अध्यक्ष

खेळाडू निवृत्त झाला की त्याचं नाव मागं पडतं. अध्यक्षांचं उलटं असतं, खुर्ची गेली की त्यांचे किस्से सुरू होतात! सत्तरच्या दशकात मी परभणी जिल्ह्याच्या जलतरण संघटनेत सहचिटणीस होतो. त्यामुळे माझ्याकडे पोतंभर साठलेत.

जिल्ह्यात तेव्हा पोहण्याचा तलाव म्हणून नव्हता. स्पर्धा व्हायच्या विहिरीत. म्हणून आमच्याकडे अध्यक्ष निवडताना शिक्षण, वय, खेळाची आवड असलं काही बघत नसत. विहीर बघत. ज्याची मोठी, तो अध्यक्ष! आता, माझ्या काळातल्या एकाही अध्यक्षाला पोहता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

*

पहिले आप्पासाहेब, बोरीचे. दुष्काळात त्यांची विहीर आटली आणि हे राजीनामा घेऊन हजर!

आमचे चिटणीस कांबळे सर म्हणाले, "आप्पासाहेब, पाऊस पडल की."

"पडल तवा बघू. कोरड्या विहिरीच्या जिवावर खुर्ची अडवून बसणं आपल्याला जमायचं न्हाई, सर."

इतका नैतिक राजीनामा जिल्ह्यात पुन्हा कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

*

दुसरे नानासाहेब, पोखर्णीकडचे. त्यांच्या विहिरीत स्पर्धा ऐन रंगात आलेली आणि पाणी भराभर उतरायला लागलं. पोहणारी पोरं डोळ्यांदेखत खाली खाली चालली! बघतो तर काय, लाईट आली होती आणि गड्यानं मोटार चालू केली होती.

मी धावत गेलो. "नानासाहेब, मोटार बंद करायला सांगा!"

"आसं कसं? लाईट आत्ता आलीय, भुईमुगाला पाणी चाललंय. पोरायला म्हणावं, जरा लवकर पोहा!"

*

तिसरे पाथरीचे बापूराव. त्यांच्या वेळी राज्य संघटनेचे निरीक्षक पहिल्यांदाच आमच्या स्पर्धेला आले. विहिरीत डोकावून म्हणाले, "लेन कुठायत?"

"लेन कामून पाह्यजे? आमी एकेकाला सोडतो."

"मग पुढे कोण, मागे कोण, कसं कळणार?"

"साहेब, विहीर गोल हाय. तिच्यात पुढचा कोन अन् मागचा कोन, ते देवालाच ठाऊक!"

त्या दिवशी रणरणत्या उन्हात बापूराव लांब कोट घालून आले होते. पाठीला बाक आल्यासारखा दिसत होता. मी विचारलं, "एवढ्या उन्हात कोट?"

"अध्यक्ष हाय मी. उघडा फिरू व्हय?"

वयोमान म्हणून मी पाठीचा विषय काढला नाही.

*

त्याच दुपारची गोष्ट. मुलींच्या शर्यतीत नाव एकच, कांबळे सरांची लेक सुजाता. बाकी कुठल्या घरानं मुलगी पाठवलीच नव्हती. निरीक्षक म्हणाले, "शर्यतीला निदान दोन स्पर्धक लागतात. एकटी असेल तर तिला राज्य स्पर्धेला पाठवता येणार नाही."

 सरांचं लहानपण गावच्या विहिरीपासून लांब उभं राहून, कुणीतरी पाणी वाढेल म्हणून वाट बघण्यात गेलं होतं. पोहायला ते नदीत शिकले आणि लेकीलाही त्यांनीच शिकवलं. तिला विहिरीच्या मधोमध पोहताना बघायचं, एवढीच त्यांची हौस होती. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

बापूरावांनाही वाटलं असावं. गळ्यातला सत्काराचा हार तसाच ठेवून ते साहेबांची समजूत घालायला लागले. "साहेब, पोरगी लय गुणाची हाय हो..." बोलता बोलता मागं मागं सरकले आणि धप्पकन विहिरीत!

आम्ही काठाकडे धावलो. पण बापूराव बुडेनात! कोट वर फुगला आणि सगळा उलगडा झाला. पोरं पोहायला शिकताना बांधतात तसा तेलाचा रिकामा डबा त्यांनी पाठीला बांधला होता.

सुजातानं उडी टाकली. "काका, पाय मारा!" म्हणत तिनं त्यांना पायऱ्यांपर्यंत ढकलत आणलं. आधी स्वतः चढली, मग हात देऊन त्यांना वर घेतलं.

कोट निथळतोय, हार गळ्यात, डबा पाठीवर, अशा अवतारात बापूराव थेट निरीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले.

"घ्या लिहून, साहेब. मुलींची शर्यत. सुजाता कांबळे पहिली. दुसरा मी."